बारावी खुर्ची

२१ एप्रिल २०२५, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. नरखेडला ऊन असं होतं की मागच्या बगीच्यात संत्र्याच्या सावलीतही उभं राहवत नव्हतं. माझा भाचा सणासाठी नागपूरहून आलेला. जेवणं झाली आणि त्याच्या मोबाइलवर बातमी आली, पोप फ्रान्सिस गेले. आदल्याच दिवशी सेंट पीटर्सच्या सज्जात त्यांना आम्ही दोघांनी टीव्हीवर पाहिलं होतं. आवाज जेमतेम निघत होता, तरी ते लोकांसमोर आले होते. मी जपमाळ काढली. भाच्यानं क्रुसाची खूण केली, डोळे मिटून थोडा वेळ बसला आणि म्हणाला, “प्रभू त्यांना चिरविश्रांती देवो. पण मावशी, आता तरी चर्चला जरा स्थिरता येईल.”

हे मला सोसवलं नाही. त्यानंतर संध्याकाळपर्यंत आम्ही जे बोललो ते लिहून ठेवते आहे. त्याचं म्हणणं मला पटलेलं नाही, आणि तरी त्यातलं काही मनातून जात नाही.

आधी आम्ही कोण ते सांगते. माझे वडील नगर जिल्ह्यातले, रेल्वेत गँगमन. बदली होत होत नरखेडला आले आणि इथेच राहिले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आता एकाहत्तर वर्षांची आहे. इथे कॅथलिक घरं बोटांवर मोजण्याइतकी. सणाला गाडी धरून मोठ्या गावच्या चर्चला जायचं, एरवी घरी जपमाळ. भाचा माझ्या बहिणीचा मुलगा. दहावीपर्यंत माझ्याकडे राहून इथेच शिकला. पुढे धर्मगुरू व्हायला तीन वर्षं सेमिनरीत होता, मग परत आला. आता नागपुरात नोकरी करतो आणि रविवारी मुलांना धर्मशिक्षण देतो. माझ्यापेक्षा त्याला धर्मशास्त्र जास्त येतं.

“स्थिरता म्हणजे काय रे?” मी विचारलं.

“काल जे पाप होतं ते आज पाप नाही असं लोकांना वाटायला लागलं तर ते चर्च राहत नाही, मावशी. डिसेंबर २०२३ मध्ये त्या आशीर्वादाच्या पत्रकावरून केवढा गोंधळ झाला. समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायचा, पण लग्नाचा नाही, विधी म्हणून नाही. आफ्रिकेतल्या बिशपांनी सरळ नाही म्हटलं. माझ्या वर्गातल्या पोराला मी काय सांगू?”

“त्याला सांग की आशीर्वाद मागायला आलेल्या माणसाला हाकलायचं नाही. एवढं पोराला कळतं.”

“तू प्रत्येक गोष्ट अशी सोपी करून टाकते.”

मी सोपी करत नव्हते. माझा जन्म १९५४ चा. माझं पहिलं कम्युनियन लॅटिन मिस्सेत झालं. फादर आमच्याकडे पाठ करून वेदीकडे तोंड करत, आणि आई त्या वेळात आपली जपमाळ ओढत बसे, कारण समोर काय चाललं आहे ते तिला कळत नसे. ऑक्टोबर १९६२ ते डिसेंबर १९६५ अशी दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि मिस्सा मराठीत आली. पहिल्या मराठी मिस्सेनंतर बाबा बाहेर येऊन म्हणाले होते, “इतकी वर्षं हेच म्हणत होते का?” एवढंच बोलले. त्या दिवशी ते रुळावरून चालत घरी आले आणि वाटेत कोणाशी बोलले नाहीत. आमच्या शेजारच्या म्हातारीला मात्र ते आवडलं नव्हतं. तिला वाटे, रोजच्या भाषेत बोललं की देवाची पत जाते. मी हे सगळं भाच्याला सांगितलं.

“म्हणजे माझं मत त्या म्हातारीसारखं आहे असं तुला म्हणायचं आहे,” तो म्हणाला.

“मला म्हणायचं आहे की ज्याला तू स्थिर म्हणतो, ते माझ्या डोळ्यांदेखत बदललेलं आहे. आणि ते बदललं म्हणून तू आज मराठीत धर्मशिक्षण देऊ शकतो.”

“ते परिषदेनं बदललं. पोप आणि जगभरचे दोन हजारांवर बिशप एकत्र बसले. एखाद्या गावातल्या एखाद्या बाईला वाटलं म्हणून नाही.”

तो कशाबद्दल बोलत होता ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. चार दिवसांपूर्वीची गोष्ट. पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेला मी गेले होते. त्या चर्चचं नाव मी इथे लिहीत नाही. येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडलेल्या. अकरा पुरुष मिळाले. बारावा ठरलेला माणूस आला नव्हता. सेवक मंडळातले एक गृहस्थ बाकांमधून फिरले, मग बाहेर गेले, आणि दाराशी खेळणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हात धरून आणून बसवलं. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी पुढच्याच बाकावर होते. माझ्या बाजूला दोन सिस्टर होत्या. आमच्याकडे कोणी पाहिलंदेखील नाही.

जानेवारी २०१६ मध्येच रोमहून फर्मान निघालं आहे की पाय धुण्यासाठी स्त्रियाही निवडता येतील. फ्रान्सिस यांनी तर २०१३ साली, पोप झाल्यावरच्या पहिल्याच पवित्र गुरुवारी, रोममधल्या बालतुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले. त्यात दोन मुली होत्या आणि त्यातली एक मुसलमान होती. यंदा त्यांच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं. तरी गुरुवारी ते तुरुंगात गेले, यावर्षी पाय धुता येत नाहीत असं कैद्यांना सांगून आले.

“फर्मानात ‘निवडता येतील’ असं आहे,” भाचा म्हणाला. “‘निवडल्याच पाहिजेत’ असं नाही. तो अधिकार धर्मगुरूंचा. आणि बारा प्रेषित पुरुष होते, हे तर तू नाकारत नाही?”

“नाकारत नाही. पण तो मुलगा प्रेषित होता का? वयानं, समजेनं, कशानं? मी बासष्ट वर्षं कम्युनियन घेते आहे. इथे शंभर पोरांना अक्षर शिकवलं, मेलेल्यांच्या उशाशी प्रार्थना म्हटल्या कारण फादर वेळेवर पोहोचत नव्हते. आणि माझ्यापेक्षा तो मुलगा त्या खुर्चीला जास्त चालतो, कारण तो मुलगा आहे. याला तू परंपरा म्हणशील, मी म्हणणार नाही. मी फादर व्हायचं म्हणत नव्हते रे. पाय पुढे करायचं म्हणत होते.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ते चुकलं. त्या दिवशी तुला बसवायला पाहिजे होतं. पण मावशी, तू त्यानंतर चार घरी जाऊन ते सांगितलं. माझा आक्षेप त्याला आहे. चर्चच्या कायद्याचं २१२ वं कलम सांगतं की धर्मपालांच्या शिकवणीला श्रद्धावंतांनी आज्ञाधारकपणे मान द्यावा.”

हे कलम मला पाठ आहे. “ते पहिलं पोटकलम. तिसरं वाच. आपल्या ज्ञानानुसार आणि योग्यतेनुसार चर्चच्या हिताच्या गोष्टीत आपलं मत धर्मपालांना कळवण्याचा श्रद्धावंतांना हक्क आहे, आणि कधी कधी ते कर्तव्यही आहे. आणि फक्त धर्मपालांना नाही, इतर श्रद्धावंतांनाही. म्हणजे त्या चार घरी मी कायद्यानंच गेले होते.”

“त्यात ‘आदर राखून’ असंही आहे.”

“आहे. मी त्या फादरांबद्दल एक वाईट शब्द काढलेला नाही. तू विचार त्या घरी जाऊन.”

“मला माहीत आहे तू काढला नसशील,” तो म्हणाला.

मी चहा टाकायला उठले. परत आले तेव्हा त्यानं जो मुद्दा काढला तो त्याचा सगळ्यांत जड मुद्दा होता, आणि मी तो हलका करून सांगणार नाही.

“आपण किती आहोत इथे? या तालुक्यात कोणाला आपण दिसतो तरी का? पुढचं मोठं स्टेशन पांढुर्णा, मध्य प्रदेश. तिथे २०२१ चा कायदा आहे. धर्म बदलायचा तर साठ दिवस आधी कलेक्टरला कळवा. कोणाच्या घरी प्रार्थना चालली आहे एवढ्यावरून जमाव येतो. आणि हे आजचं नाही. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती तेव्हा १९५४ मध्ये न्यायमूर्ती नियोगींची समिती नेमली, १९५६ मध्ये अहवाल आला. मिशनरी लोकांना आमिष दाखवतात हे त्यातलं म्हणणं आजही काढलं जातं. १९६८ मध्ये मध्य प्रदेशानं पहिला कायदा केला तोही त्याच वाटेनं. अशा वेळी आपल्यातलीच माणसं वेशीवर उभी राहून आमचे धर्मगुरू चुकतात म्हणाली, तर ते ऐकून घेणारे कोण असतात? ते तुझ्या खुर्चीसाठी येत नाहीत, मावशी. ते चर्चचा दरवाजा बंद करायला येतात.”

ही भीती खोटी नाही. मलाही ती आहे. दारावरचा क्रूस यंदा रंगवावा की नको, असा विचार मीही केला आहे. केला याची मला लाज वाटते, पण केला.

“मग तू सांग,” मी म्हटलं, “केरळातल्या त्या सिस्टरांनी काय करायचं होतं?”

सप्टेंबर २०१८ मध्ये कोचीत हायकोर्टाजवळच्या चौकात पाच सिस्टर त्यांच्या झग्यांनिशी बसल्या होत्या. त्यांच्याच संघातल्या एका सिस्टरनं जालंधरच्या तेव्हाच्या बिशपांवर बलात्काराची तक्रार केली होती, आणि या पाच जणी तिच्या पाठीशी होत्या. २१ सप्टेंबरला बिशपांना अटक झाली. १४ जानेवारी २०२२ रोजी कोट्टायमच्या न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. जून २०२३ मध्ये त्यांचा राजीनामा पोपनी स्वीकारला.

“न्यायालयानं निर्दोष म्हटलं,” भाच्यानं लगेच आठवण दिली.

“म्हटलं. निकालावर मी बोलत नाही. मी रस्त्याबद्दल बोलते आहे. रस्त्यावर येण्याआधी त्यांनी चर्चमधल्या वरिष्ठांना पत्रं लिहिली होती. घरात ऐकून घेतलं असतं तर त्या चौकात गेल्या असत्या का? वेशीवर टांगलं म्हणून तू बोलणाऱ्याला दोष देतो. घरात कोणी ऐकलं नाही त्याचा दोष कोणाच्या पदरात घालायचा?”

“त्यानंतर बिशपांनी नियम केलेच की. त्याच्या आधीही केले होते, २०१७ मध्ये, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल.”

इथे मला जे म्हणायचं होतं ते त्याच्याच तोंडून आलं. गेली काही वर्षं मी हेच सांगते आहे, आणि लोकांना वाटतं की मला नवा धर्म काढायचा आहे. मला एकही नवा कागद नको. भारतातल्या बिशपांच्या परिषदेनं २०१० मध्ये स्त्री-पुरुष समानतेचं धोरण काढलं. ते लिहिण्यात मुंबईच्या अ‍ॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांच्यासारख्या प्रापंचिक स्त्रीचा हात होता. डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाचं धोरण आलं. त्यात बिशपांनी स्वतः लिहून दिलं की देशातल्या सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत, चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते आणि नेतृत्वात दलित फारच थोडे आहेत. आमचं घराणं कुठलं हे भाच्याला ठाऊक आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. शिखांना १९५६ मध्ये मिळाल्या, बौद्धांना १९९० मध्ये. आमच्या भावकीत जे बौद्ध झाले त्यांच्या मुलांना दाखला मिळतो, आम्हाला नाही. हा अन्याय सरकारचा, आणि त्याविरुद्ध बिशप बोलतात, मोर्च्यात येतात, हे मी मान्य करते. पण तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत मेलेल्यांना जातीनं वेगळं करणारी भिंत उभी राहिली, ती सरकारनं नव्हती बांधली.

“म्हणजे नेतृत्वानं कबूल केलं ना?” भाचा म्हणाला. “बहिरं असतं तर हे लिहिलंच नसतं. गावोगाव दोष लपवणारी मंडळी आहेत. आपल्या बिशपांनी तो छापून काढला.”

“हो. आणि म्हणूनच मी भांडते. त्यांच्याच कागदासाठी. तू धर्मशिक्षण देतो. २०१० चं धोरण कधी वाचलं?”

“नाही.”

“सेमिनरीत?”

“नाही.”

“मराठीत मला ते कधी बघायला मिळालं नाही. मी इंग्रजीत वाचलं, शब्दकोश घेऊन. जो कागद देवळाच्या दारावर लागत नाही तो कोणासाठी काढला?”

मला वाटलं तो आता थांबेल. पण त्यानं फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नाव काढलं, आणि चांगलं काढलं. “तुझ्या कपाटात त्यांची पुस्तकं आहेत. ‘सुवार्ता’ या चर्चच्या मासिकाचं संपादन त्यांनी १९८३ ते २००७ केलं. हरित वसईसाठी गुंडांना, बिल्डरांना अंगावर घेतलं. ‘सुबोध बायबल’ लिहिलं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा, धर्मगुरू कशाला, म्हणून विरोध झाला, तरी गेले आणि बोलले. पण ते लढले जगाशी. आपल्या बिशपांशी नाही. वारले तेव्हाही, २०२४ च्या जुलैत, ते धर्मगुरूच होते. सुधारणा अशी होते.”

“मी कुठे सोडून जाते आहे?” मी म्हटलं. “पण चर्चच्या मासिकात पाण्याचे टँकर आणि जमिनीचे दर यावेत, हे सगळ्यांना पटलं असेल असं तुला वाटतं? धर्मगुरूनं वेदीपाशी राहावं असं म्हणणारे चर्चमध्येही असतात. आणि लोणावळ्याचे फादर अँथनी डिमेलो? आयुष्यभर जेझुइट राहिले, १९८७ मध्ये गेले. अकरा वर्षांनी, १९९८ च्या जूनमध्ये, व्हॅटिकननं पत्रक काढलं की त्यांच्या लिखाणातली काही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत. मेलेल्या माणसानं उत्तर कसं द्यायचं?”

“ते पत्रक त्यांच्या माणूसपणावर नव्हतं. देव व्यक्ती आहे की नाही, येशू इतर गुरूंसारखा एक गुरू आहे का, असे प्रश्न होते. ते विचारायला नकोत का?”

“विचारायला पाहिजेत. जिवंतपणी, समोर बसवून.”

मग मी त्याला मेरी मॅककिलप यांची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियातली ही सिस्टर, गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढणारी. १८७१ मध्ये अ‍ॅडलेडच्या बिशपांनी तिला बहिष्कृत केलं. पाच महिन्यांनी, मरणाच्या दारात असताना त्यांनी ते मागे घेतलं. २०१० मध्ये ती संत झाली. भाच्याला गोष्ट माहीत होती. “ती गप्प राहिली, मावशी. वर्तमानपत्रात गेली नाही. तिचं मौन तिला संत करून गेलं.”

“तिची शाळा तिला संत करून गेली. आणि ती रोमला जाऊन स्वतःच्या संस्थेची नियमावली मंजूर करून घेऊन आली, हे का विसरतो?”

संततिनियमनाबद्दलही दोन वाक्यं झाली. १९६८ च्या पोपच्या पत्राप्रमाणे कृत्रिम साधनं निषिद्ध. मी त्याला विचारलं, आपल्या ओळखीत सात-आठ मुलं असलेलं एक तरी कॅथलिक घर दाखव. तो काही बोलला नाही. मीही तो विषय पुढे नेला नाही. घराघरातल्या बाईच्या सद्सद्विवेकाची ती गोष्ट आहे, तिथे आम्ही दोघांनीही आवाज खाली ठेवावा असं मला वाटतं.

उन्हं उतरली तशी आम्ही मागच्या दारी आलो. आंबिया बहराची फळं गोटीएवढी झाली होती, खाली बरीच गळून पडली होती. तो एक एक उचलून कुंपणावर ठेवत होता. लहान होता तेव्हाही असंच करायचा.

“तुला एक सांगू?” तो म्हणाला. “इथे शाळेत मी वर्गात एकटा होतो. नाताळ म्हणजे केक, एवढंच पोरांना ठाऊक. एकदा एकानं विचारलं, तुमचा देव इंग्रजांनी आणला ना? मी तुला सांगितलं नाही. त्या रात्री मी विचार केला की आता या क्षणी मनिलात, आफ्रिकेत, रोममध्ये कोणीतरी हीच प्रार्थना म्हणतंय, याच शब्दांत, याच क्रमानं. मी एकटा नाही. त्या आधारावर मी शाळेची वर्षं काढली, मावशी. तू म्हणते हे बदला, ते बदला. तू बरोबरही असशील. पण प्रत्येक गोष्ट ज्याच्या त्याच्या मतावर गेली, तर नरखेडच्या त्या पोराला धरायला काय उरेल?”

मी त्याला वर्गात रोज बघत होते. त्याच शाळेत दोन वर्षं मी शिकवत होते. मला हे माहीत नव्हतं.

त्याच्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज लिहिताना इतकंच म्हणते की मलाही तोच आधार होता आणि आहे. मला कोणी विचारतं, एवढं पटत नाही तर दुसऱ्या मंडळीत का जात नाही. जाऊ शकत नाही. माझ्या आईची माती आमच्या चर्चच्या दफनभूमीत आहे, आणि कम्युनियन घेताना मला जे मिळतं ते मला दुसरीकडे कुठे मिळेल असं वाटत नाही. मनिलातल्या बाईशी जोडलेली असणं म्हणजे काय, हेही मी त्याच्याइतकंच जाणते. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमच्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, पहिल्यांदा स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला, ३६५ मतांपैकी ५४ स्त्रियांची होती, तेव्हा मी इथे पडवीत बसून ती बातमी तीनदा वाचली. वर्षभरानं त्याच सिनडच्या शेवटच्या दस्तऐवजात स्त्रियांच्या उपधर्मगुरूपदाचा प्रश्न खुला ठेवणाऱ्या परिच्छेदाला सगळ्यांत जास्त विरोधी मतं पडली, ९७. आणि तरी तो २५८ मतांनी मंजूर झाला. त्या २५८ मध्ये माझ्यासारखं वाटणारे बिशप आहेत. त्या ९७ मध्ये भाच्यासारखं वाटणारे असतील. मिस्सा सगळ्यांची तीच.

रात्री जपमाळ झाली. गेलेल्या पोपसाठी त्यानं सुरुवात केली, मी उत्तर दिलं. मग मी फादरांना लिहायला घेतलेलं पत्र त्याच्यासमोर ठेवलं. अर्ध्या पानाचं. पुढच्या वर्षी पाय धुण्याच्या विधीत स्त्रियांनाही बसवावं, २०१६ च्या फर्मानाचा दाखला, आणि बिशपांच्या २०१० च्या धोरणाची मराठी प्रत चर्चमध्ये ठेवावी, असं दोनच ओळींचं मागणं.

त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं. ‘मागणी’ खोडून ‘विनंती’ करावं म्हणाला. मी नाही म्हटलं.

“मी सही करणार नाही,” तो म्हणाला.

“मी मागितलेली नाही.”

तो पत्र हातात धरून बसला. मग पेन मागितलं, आणि ‘पुढच्या वर्षी’ या शब्दांच्या वर बारीक अक्षरात लिहिलं : गुरुवार, २ एप्रिल २०२६.